तारीख असलेला आरोपी

धुळ्याच्या देवपुरात तिशी-पस्तिशीतला कुणी अचानक गेला, की दारात जमलेल्या माणसांचा पहिला प्रश्न असतो, "काय व्हयनं भो?" उत्तर येते, "अटॅक." दुसरा प्रश्न २०२१ नंतर आलेला आहे: "लस लिधी व्हती का त्यानी?" लस जवळपास सगळ्यांनीच घेतलेली, त्यामुळे उत्तर 'हो' असेच येते आणि तपास तिथेच संपतो. गेलेल्याला कोरोना झाला होता का, कितीदा झाला होता, महिनाभरात ताप-खोकला येऊन गेला होता का, तो अंगावर काढून माणूस कामावर किंवा मैदानावर गेला होता का, घरात आधी कुणी असेच तरुणपणी गेले आहे का, यातले काहीच विचारले जात नाही. वाडीभोकर रोडवरच्या चहाच्या टपरीपासून चांगल्या शिकलेल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटापर्यंत हीच तऱ्हा आहे. तेव्हा लोकांच्या अडाणीपणाच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

माझ्या मते दोष नोंदीचा आहे. लशीची नोंद चोख झाली. मोबाइलमध्ये प्रमाणपत्र आहे. त्यावर लशीचे नाव, मात्रेची तारीख, बॅच क्रमांक, टोचणाऱ्याचे नाव, केंद्राचे नाव आणि, तेव्हा तरी, पंतप्रधानांचा फोटो. संसर्गाचे असे काहीच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, कोरोनाकाळात चार वेळा देशभर रक्ततपासणीची सर्वेक्षणे केली. महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यात होते आणि खान्देशातून जळगाव होता. २०२० च्या मे-जूनमध्ये देशात १ टक्क्याहून कमी लोकांच्या रक्तात कोरोनाविरोधी प्रतिपिंडे सापडली. २०२१ च्या जून-जुलैत तोच आकडा ६७.६ टक्क्यांवर गेला. हे सगळे लशीमुळे, असे कुणी म्हणेल. पण एकही मात्रा न घेतलेल्यांमध्येही प्रमाण ६२.३ टक्के होते. दुसऱ्या फेरीच्या वेळी परिषदेचाच अंदाज असा होता, की नोंदलेल्या दर एका रुग्णामागे २६ ते ३२ जणांना संसर्ग होऊन गेला असावा. म्हणजे खान्देशातल्या बहुतेक घरांत विषाणू आला, राहिला आणि गेला, पण त्याची ना पावती, ना तारीख. खटल्यातल्या दोन संशयितांपैकी एकाचाच पत्ता पोलिसांकडे असेल, तर पकडला कोण जाणार हे सांगायला नको.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. हृदयाच्या स्नायूला सूज येणे, त्याचा दाह होणे, याला डॉक्टर मायोकार्डायटिस म्हणतात. कोरोनाने हा आजार जन्माला घातला नाही. कॉक्सॅकी नावाच्या विषाणूंमुळे तो होतो हे वैद्यकाला कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. साधा फ्लू त्याला कारण होतो, आणि आपल्या आज्या ज्याच्या नावाने थरथरत त्या घटसर्पाचे विष तर हृदयाच्या स्नायूवरच जाई. घसा बरा झालेले मूल आठ-पंधरा दिवसांनी खेळता खेळता कोसळायचे, ते यामुळे. विषाणू स्नायूच्या पेशींना थेट इजा करतो किंवा त्याला मारायला निघालेली शरीराची संरक्षणव्यवस्थाच आपल्या स्नायूवर तुटून पडते; अनेकदा दोन्ही होते. छातीत दुखते, धडधडते, जिना चढताना दम लागतो, गळून गेल्यासारखे वाटते. ईसीजी काढला तर तो झटका आल्यासारखा दिसू शकतो. रक्तातले ट्रोपोनिन वाढलेले सापडते. इजा झालेल्या हृदयस्नायूतून झिरपणारे हे प्रथिन. मग घाईघाईने अँजिओग्राफी होते आणि रक्तवाहिन्या स्वच्छ निघतात. इथे फरक कळतो. आपण ज्याला अटॅक म्हणतो त्यात स्नायूला रक्त पुरवणारी नळी तुंबलेली असते. इथे नळी ठीक असते, स्नायूच आजारी असतो. बहुतेक रोगी विश्रांतीने बरे होतात. काहींचे हृदय कायमचे अशक्त होते. आणि मोजक्या काहींच्या सुजलेल्या स्नायूत विजेचा प्रवाह वाट चुकतो, ठोक्यांचा ताल बिघडतो आणि माणूस जागच्या जागी जातो. श्रमाने हा धोका वाढतो.

कोरोनाचा विषाणू हृदयाला इजा करतो, हे वुहानच्या डॉक्टरांनी मार्च २०२० मध्येच लिहून ठेवले होते. दाखल झालेल्या ४१६ रुग्णांपैकी ८२ जणांच्या हृदयाला इजा झालेली होती आणि त्यांतले निम्म्याहून जास्त दगावले. इजा नसलेल्यांत दगावण्याचे प्रमाण ४.५ टक्के होते. त्यानंतर जुलैत जर्मनीतल्या फ्रँकफर्टहून अशी बातमी आली की जगाने छातीवर हात ठेवला. कोरोनातून बरे झालेल्या १०० जणांच्या हृदयाचा एमआरआय काढला, तर ७८ जणांत काही ना काही बिघाड आणि ६० जणांत चालू दाह सापडला. महिन्याभरातच त्या लेखातले काही आकडे दुरुस्त करावे लागले, तरी मूळ निष्कर्षावर लेखक ठाम राहिले. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या बिग टेन विद्यापीठांनी कोरोना होऊन गेलेल्या आपल्या १,५९७ खेळाडूंची हृदये तपासली. दाह सापडला ३७ जणांत, म्हणजे २.३ टक्के. साठ कुठे आणि सव्वादोन कुठे! मला या फरकात लबाडी दिसत नाही. एकीकडे मध्यमवयीन रुग्ण, दुसरीकडे विशीतले खेळाडू. एकीकडे एमआरआयवरची बारीकशी खूणही मोजली, दुसरीकडे निकष आवळलेले. कोरोनाने मेलेल्यांच्या शवविच्छेदनांचा जो आढावा २०२१ मध्ये निघाला, त्यात २७७ हृदयांपैकी खराखुरा मायोकार्डायटिस दोन टक्क्यांहूनही कमी जणांत असावा असे ठरले. बाकीच्यांत बारीक गुठळ्या, ताणलेला उजवा कप्पा, जुने आजार. तेव्हा 'कोरोना झालेल्या प्रत्येकाचे हृदय सुजले' असे सांगत फिरणारेही लशीला दोष देणाऱ्या भोंग्यांइतकेच घातक. विषाणूविरुद्धचा पुरावा भक्कम आहे. त्याला फुगवण्याची गरज नाही.

तो पुरावा तुलनेचा आहे. इंग्लंडमध्ये एकाच राष्ट्रीय आरोग्यसेवेत सगळ्यांच्या लशीच्या, चाचणीच्या आणि इस्पितळाच्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे तिथे दोन्ही संशयितांना एकाच तागडीत घालता आले. डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मायोकार्डायटिसचे जादा रुग्ण, दर दहा लाखांमागे, असे निघाले: अॅस्ट्राझेनेकाच्या पहिल्या मात्रेनंतर २, फायझरनंतर १, मॉडर्नाच्या पहिल्या मात्रेनंतर ६ आणि दुसऱ्या मात्रेनंतर १०, कोरोना संसर्गानंतर ४०. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्याच वर्षी सांगितले होते, की कोरोना झालेल्यांत मायोकार्डायटिसचा धोका न झालेल्यांच्या जवळपास १६ पट. इथे एक गोष्ट दडवून ठेवणे बरे नाही. त्याच इंग्लिश गटाने नंतर वयाप्रमाणे फोड केली, तेव्हा चाळिशीखालच्या पुरुषांत मॉडर्नाच्या दुसऱ्या मात्रेनंतरचा धोका संसर्गानंतरच्या धोक्यापेक्षाही जास्त भरला: दहा लाखांत ९७ विरुद्ध १६. म्हणजे लस आणि हृदयाचा दाह ही जोडी कुणा माथेफिरूने रचलेली नाही. स्वीडनने ऑक्टोबर २०२१ मध्ये तीस वर्षांखालच्यांना मॉडर्ना देणे थांबवले, ते अशाच पुराव्यावर. अमेरिकेने त्याआधीच, जून २०२१ मध्ये, फायझर-मॉडर्नाच्या माहितीपत्रकात हा इशारा छापला.

मग देवपूरला काय झाले? न्यू जर्सीत राहणाऱ्या मावशीने हा इशारा कुटुंबाच्या गटावर टाकला. तिच्या दृष्टीने बरोबरच होते, कारण तिच्या सतरा वर्षांच्या मुलाला फायझर दिलेली होती. पण तो निरोप धुळ्यात पोहोचेपर्यंत त्यातली कंपन्यांची नावे गळून पडली आणि उरले ते 'लशीने हार्ट जाते'. धुळ्यात ज्यांनी तो वाचला त्यांच्या दंडात गेलेली होती कोविशील्ड, नाहीतर कोव्हॅक्सिन. मायोकार्डायटिसचा ठपका आहे तो मुख्यतः एमआरएनए जातीच्या लशींवर. फायझर आणि मॉडर्ना भारताच्या लसीकरण मोहिमेत कधी आल्याच नाहीत. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने एक देशी एमआरएनए लस काढली, तिला जून २०२२ मध्ये परवानगीही मिळाली, पण तोवर बहुतेकांचे दोन्ही डोस उरकले होते. इंग्लंडच्या तक्त्यातली अॅस्ट्राझेनेका म्हणजेच आपली कोविशील्ड. दहा लाखांत दोन. दुसऱ्याच्या लशीचा दोष आपल्या लशीच्या माथी मारून आपण आपल्याच घरात आलेल्या विषाणूला सोडून दिले.

कोविशील्ड निर्दोष होती, असाही याचा अर्थ नव्हे. तिचा दोष वेगळा होता: रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट घसरण्याचा दुर्मीळ आजार. मे २०२१ मध्ये केंद्राच्याच समितीने अशा २६ संभाव्य घटना कबूल केल्या. दर दहा लाख मात्रांमागे ०.६१. महाराष्ट्रातल्या एका तरुण डॉक्टरचा मृत्यू लशीच्या दुष्परिणामाने झाल्याचे सरकारी समितीने मान्य केल्यावर तिच्या वडिलांना भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. असा मृत्यू लाखांत एक असो की दहा लाखांत एक, ज्या घरात होतो तिथे तो शंभर टक्के असतो, आणि त्या घराला कोर्टाची पायरी चढायला लावणे हे सरकारला शोभणारे नव्हते. लशीमुळे झालेल्या इजेची भरपाई देणारी कायम व्यवस्था कितीतरी देशांत आहे, आपल्याकडे नाही. लोकांचा विश्वास उडाला तो निव्वळ अफवांनी नाही. 'लस शंभर टक्के सुरक्षित' असे म्हणणाऱ्यांनी त्याला आपला हातभार लावला. कुठलेच औषध तसे नसते, हे आमच्या खेड्यातल्या कंपाउंडरलाही कळते.

२०२३ च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना तरुण कोसळल्याच्या बातम्या आल्या. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये निम्मा खान्देश राहतो, त्यामुळे त्या आमच्याकडे वर्तमानपत्राच्या आधी फोनवरून पोहोचल्या. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी भावनगरात सांगितले, की ज्यांना कोरोना जबर झाला होता त्यांनी वर्ष-दोन वर्षे अतिश्रमाची कामे आणि जोराचा व्यायाम टाळावा. या विधानामागे आयसीएमआरचा जो अभ्यास होता तो महिन्याभरात प्रसिद्ध झाला. १८ ते ४५ वयोगटातल्या, वरवर धडधाकट असलेल्या आणि अचानक गेलेल्या ७२९ जणांची तुलना त्याच परिसरातल्या २,९१६ जिवंत माणसांशी त्यात केली होती. कोरोनाने इस्पितळात दाखल व्हावे लागलेल्यांत अचानक मृत्यूची शक्यता सुमारे चौपट निघाली. मरणाआधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू प्यालेल्यांत पाचपट. त्याच ४८ तासांत जबर शारीरिक श्रम केलेल्यांत पावणेचारपट. घराण्यात कुणी अचानक गेलेले असेल तर अडीचपट. आणि लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांत ती शक्यता जवळपास निम्म्यावर आली.

हा अभ्यास महत्त्वाचा आहे, पण त्याचा हात कुठे अपुरा पडतो तेही सांगायला हवे. माहिती गोळा झाली ती प्रामुख्याने मागे राहिलेल्या नातेवाइकांना विचारून. हृदय उघडून पाहिलेले नव्हते. ज्यांना कोरोना झाला पण इस्पितळात जावे लागले नाही, त्यांच्याबद्दल तो फारसे काही सांगू शकत नाही. आणि आमच्याकडे मोठी संख्या नेमकी त्यांचीच. तरीही त्याने एक गोष्ट स्पष्ट केली: मरणाआधीच्या दोन दिवसांत माणूस काय करत होता, हा प्रश्न त्याने दोन वर्षांपूर्वी काय टोचून घेतले यापेक्षा मोलाचा आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात अशाच मृत्यूंवरून काहूर माजले, मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनीच घाईने मंजूर केलेल्या लशीकडे बोट दाखवले आणि केंद्राने तातडीने इन्कार केला. दोन्ही बाजूंच्या हातात काय होते? पुन्हा तेच, मृत्यूचे आकडे. त्यांची कारणे नव्हेत.

एक उदाहरण आपल्या ओळखीचे. अभिनेते श्रेयस तळपदे यांना डिसेंबर २०२३ मध्ये चित्रीकरणानंतर हृदयविकाराचा झटका आला. रक्तवाहिन्यांत अडथळे होते, अँजिओप्लास्टी झाली, ते बरे झाले. पुढे मुलाखतीत ते म्हणाले, की यामागे कोरोना असेल किंवा लस असेल, ही शक्यता आपण नाकारत नाही. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाने असे म्हणणे अगदी साहजिक आहे. त्यांनी दोन संशयितांची नावे घेतली होती. मथळ्यांत बहुतेक ठिकाणी एकच उरले. कुठले, ते सांगत नाही.

आता धुळे-जळगावचा माझा खरा राग. २०२० च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातला कोरोनाचा मृत्युदर दहा टक्क्यांच्या पुढे गेला होता, देशाच्या सरासरीच्या तिप्पट-चौपट. तिथल्या सरकारी रुग्णालयात उपचार घेणारी एक वृद्धा बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह स्वच्छतागृहात सापडला. जिथे रुग्ण कुठे आहे याचा पत्ता नव्हता, तिथे त्याच्या हृदयाचे काय झाले हे कोण बघणार होते? त्यातच कोरोनाबाधित मृतदेहांची चिरफाड करून शवविच्छेदन करू नये, अशी सूचना आयसीएमआरने मे २०२० मध्येच दिली होती. संसर्गाच्या भीतीने त्या वेळी ते समजण्यासारखे होते. परिणाम असा झाला, की हजारो मृतदेह प्लास्टिकच्या पिशवीत थेट स्मशानात गेले आणि त्यांच्यासोबत तो पुरावाही गेला. न्यूमोनियाने गेले, गुठळीने गेले, हृदयाच्या दाहाने गेले, की सुरुवातीच्या महिन्यांत सर्रास दिल्या गेलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन-अझिथ्रोमायसिनच्या जोडीने ठोक्यांचा ताल बिघडून गेले, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि जे कोरोनाबाहेर मेले त्यांची कथा याहून वाईट आहे. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के माणसे मरताना कुठल्याही डॉक्टरच्या नजरेखाली नव्हती. अशांचे कारण म्हणजे घरच्यांनी सांगितले ते.

ज्यांचे प्रमाणपत्र होते त्यांचे तरी काय असते? मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र म्हणजे इस्पितळासाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ. एक पानी कागद. त्याच्या पहिल्या भागात तीन ओळी असतात. पहिलीत मृत्यूचे तात्काळ कारण, दुसरीत ते ज्यामुळे उद्भवले ते, आणि तिसरीत सगळ्याची सुरुवात जिथून झाली ते मूळ कारण. प्रत्येक ओळीसमोर, ते सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती काळ गेला तो लिहायचा. दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार, मधुमेह वगैरे. सूचना स्पष्ट असते: 'हृदयक्रिया बंद पडणे', 'श्वास थांबणे' असे लिहू नका, कारण मरणारा प्रत्येक जण त्यानेच मरतो, ती मरण्याची रीत झाली, कारण नव्हे. आणि प्रत्यक्षात? पहिल्या ओळीत 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट', खालच्या दोन ओळी कोऱ्या. रात्रीच्या पाळीतल्या निवासी डॉक्टरच्या मागे नातेवाईक उभे असतात, शववाहिका दारात असते, आणि हा कागद कसा भरायचा हे त्याला बहुधा कुणी नीट शिकवलेलेच नसते. त्या दोन कोऱ्या ओळींतच आपला सगळा वाद भरून राहिला आहे. तिथे कुणी लस भरतो, कुणी कोरोना, कुणी जिमची पावडर, तर कुणी नजर.

घरी अचानक गेलेल्या तरुणाच्या बाबतीत शवविच्छेदन हाच मार्ग, पण ते होते तेव्हाही अपुरे होते. आधी घरचे नको म्हणतात. "गेला तो गेला, आता चिरफाड कशाला?" झालेच तर पोलिसांना घातपात आहे की नाही एवढे हवे असते. विष तपासण्यासाठी व्हिसेरा राखून ठेवला जातो, मत राखून ठेवले जाते, आणि अहवाल येईपर्यंत वर्षश्राद्धही होऊन जाते. हृदयाचे वजन घ्यावे, रक्तवाहिन्या छेद घेऊन पाहाव्यात, डाव्या-उजव्या कप्प्यांच्या आणि मधल्या पडद्याच्या स्नायूचे तुकडे फॉर्मालिनमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवावेत, तर दाह सापडतो. नुसत्या डोळ्यांना असे हृदय पुष्कळदा अगदी साधे दिसते. मायोकार्डायटिस कळतो तो स्नायूच्या तंतूंमध्ये घुसलेल्या पांढऱ्या पेशींवरून, आणि त्या काचपट्टीवरच दिसतात. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दोन्ही जिल्ह्यांत खासगीही आहेत. विकृतिशास्त्राचा विभाग, सूक्ष्मदर्शक आणि शिकणारी मुले यांची वानवा नाही. पंचेचाळिशीखालच्या प्रत्येक अचानक मृत्यूत हृदयाचे नमुने काचेवर घ्यायचेच, एवढा एक नियम दोन जिल्ह्यांनी केला, तर पाच वर्षांत खान्देशाजवळ असे काही असेल जे आज महाराष्ट्रातल्या क्वचितच कुठल्या जिल्ह्याजवळ असेल: वादाला उत्तर. हृदयाचा एमआरआय करायला आमचा रुग्ण नाशिक-मुंबईची गाडी धरतो, ते चालायचेच. पण मेलेल्याच्या हृदयाची काच बघायला मुंबई लागत नाही.

जिवंतांसाठीही फार मोठे काही लागत नाही. नकाणे रोडला, गोंदूरच्या रस्त्याला पहाटे पाचला धावणारी मुले बघा. पोलीस भरतीसाठी १,६०० मीटर, राज्य राखीव दलासाठी ५ किलोमीटर. धुळ्यातच राखीव दलाचा सहावा गट असल्यामुळे इथल्या पोरांना खाकीचे वेड जास्त. सेकंदांवर गुण अवलंबून असतात, जागा थोड्या आणि अर्ज लाखांनी, म्हणून १०१ ताप असला तरी पोरगा क्रोसिनची गोळी घेऊन मैदानावर उतरतो. मास्तर म्हणतात, घाम गेला की ताप जाईल. हृदयाच्या दाहात यापेक्षा घातक सल्ला नाही. २०२४ च्या जूनअखेर नवी मुंबईजवळ राखीव दलाच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना जळगाव जिल्ह्यातला एक उमेदवार कोसळला आणि गेला. त्याचे कारण काय हे मी ठरवणार नाही. नेमके तेच तर या लेखाचे म्हणणे आहे. पण भरतीची पद्धत काय आहे ते माहीत आहे: आधी धावायचे, निवड झाली की मग वैद्यकीय तपासणी. उलट करायला हवे, आणि त्याला यंत्रे लागत नाहीत. गेल्या चार आठवड्यांत ताप आला होता का, धावताना छातीत दुखते का, कधी चक्कर येऊन पडलास का, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेले आहे का: चार प्रश्न आणि एक ईसीजी. शंका आली तर ट्रोपोनिनची पट्टी. रक्ताचे दोन-तीन थेंब, पंधरा-वीस मिनिटे आणि एक किंवा दोन रेषा. ईसीजी साधा निघाला म्हणजे दाह नाहीच असे नव्हे, हेही त्या मुलाला सांगावे. आजारी उमेदवाराला पुढची तारीख द्यावी, बाद करू नये. नाहीतर तो खोटेच सांगेल आणि मी त्याला दोष देणार नाही. मायोकार्डायटिस झालेल्या खेळाडूला तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद, असे जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. साध्या तापानंतर एवढे लागत नाही, पण ताप उतरेपर्यंत मैदान नाही, आणि उतरल्यावरही दम किंवा धडधड असेल तर डॉक्टरकडे आधी, मैदानावर नंतर.

कोरोना गेलेला नाही, सौम्य झाला आहे; त्याच्या जोडीला फ्लू आहे, डेंग्यू आहे, आणि हृदयाच्या स्नायूला हे तिघेही सुजवू शकतात. लशीच्या वादात अडकून पडलो तर पुढच्या तापाकडे कुणाचे लक्ष जाणार नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा २०२३ मध्ये सुधारला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून तो लागू आहे. त्यानुसार इस्पितळ सरकारी असो की खासगी, मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क देणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळाली पाहिजे. घरात असा प्रसंग कुणावर येऊ नये. पण आलाच, तर ती प्रत मागा. खालच्या दोन ओळी कोऱ्या असतील तर त्या भरून मागा.